साक्ष देणारा नकाशा : केनियातील तरुण कार्यकर्ते आणि त्यांची डिजिटल साधने

'उशाहिदी' हा स्वाहिली भाषेतील शब्द. अर्थ, साक्ष. तो अरबीतून स्वाहिलीत आला आणि फारसीमार्गे मराठीत रुळलेल्या 'शहीद' या शब्दाशी त्याचे मुळातले नाते आहे. एकाच धातूपासून एका भाषेत साक्ष देणारा आणि दुसऱ्या भाषेत प्राण देणारा असे दोन अर्थ रूढ झाले. केनियाच्या अलीकडच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ वारंवार एकमेकांच्या जवळ आलेले दिसतात. जानेवारी २००८ मध्ये निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात होरपळत असलेल्या या देशातील काही तरुणांनी घाईघाईने एक संकेतस्थळ उभे केले आणि त्याला हे नाव दिले. भ्रमणध्वनीवरून आलेले लघुसंदेश नकाशावर नोंदवणारे ते संकेतस्थळ पुढे जगभरातील आपत्ती, निवडणुका आणि नागरी चळवळींसाठी वापरले गेले.

डिजिटल साधनांनी लोकचळवळीत नेमका काय फरक पडतो, हे पाहण्यासाठी केनियाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. तेथे हा प्रयोग एकदाच होऊन थांबलेला नाही. संसदेच्या नोंदी, हिंसाचाराचा नकाशा, झोपडपट्टीचे मोजमाप, भ्रमणध्वनीवरून जमवलेली वर्गणी आणि २०२४ मधील करविरोधी उठाव असे त्याचे टप्पे आहेत. या प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट पुन:पुन्हा प्रत्ययास आली. साधनामुळे माहिती गोळा करण्याचे श्रम आणि खर्च कमालीचे कमी होतात. परंतु ती माहिती वाचून धावून जाणारा माणूस त्या साधनातून निर्माण होत नाही. तो आधीपासून तेथे असावा लागतो.

आरंभ संसदेच्या नोंदींपासून

केनियात संघटित नागरी कृतीची परंपरा संगणकाच्या आधीपासूनची आहे. नैरोबीच्या उहुरू उद्यानात ६० मजली इमारत उभारण्याची योजना १९८९ मध्ये सरकारने आखली, तेव्हा वांगारी मथाई यांनी तिच्याविरुद्ध लढा दिला तो मुख्यत: पत्रे लिहून. सरकारी कार्यालये, परदेशी वकिलाती, आंतरराष्ट्रीय संस्था यांना पाठवलेल्या त्या पत्रांनी अखेर योजना बारगळली. (मथाई यांना २००४ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.) शहराच्या मध्यभागी असलेल्या जीवनजी उद्यानात 'बुंगे ला म्वानांची', म्हणजे सामान्य नागरिकांची संसद, भरत असे. बाकांवर बसून, उभे राहून, कोणीही तेथे राजकारणावर बोलावे असा तिचा रिवाज. हे उद्यान अलिभाई मुल्ला जीवनजी या कराचीहून आलेल्या व्यापाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी शहराला दिलेले.

खऱ्या संसदेत काय चालते हे मात्र लोकांना सहज कळत नव्हते. केनियाच्या संसदेचे एक अधिकृत संकेतस्थळ होते; त्यावर आपली वैयक्तिक माहिती आणि शिक्षण जाहीर झाल्याबद्दल काही सदस्यांनी हरकत घेतली आणि ते बंद करण्यात आले. या प्रकाराने अस्वस्थ झालेल्या ओरी ओकोलोह या तरुण वकील महिलेने एका सहकाऱ्यासह २००६ मध्ये 'म्झालेंडो' हे संकेतस्थळ सुरू केले. म्झालेंडो म्हणजे देशभक्त. कोणता सदस्य संसदेत किती बोलला, कोणते विधेयक कोठपर्यंत पोहोचले, याची नोंद ते ठेवू लागले. खर्च जवळजवळ नाहीच. लागले ते चिकाटीचे काम. ओकोलोह 'केनियन पंडित' या नावाने ब्लॉगही लिहीत असत, आणि पुढे घडलेल्या गोष्टींचा उगम त्या ब्लॉगवर आहे.

काही दिवसांत उभे राहिलेले संकेतस्थळ

केनियात २७ डिसेंबर २००७ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. मतमोजणीच्या सुरुवातीला विरोधी उमेदवार राइला ओडिंगा आघाडीवर होते. ३० डिसेंबरला मवाई किबाकी विजयी झाल्याचे जाहीर झाले आणि त्याच संध्याकाळी, अंधार पडता पडता, त्यांचा शपथविधी उरकण्यात आला. त्याच दिवशी सरकारने दूरचित्रवाणी आणि नभोवाणीवरील थेट प्रक्षेपणास मनाई केली. देशाच्या अनेक भागांत वांशिक हिंसाचार उसळला. एल्डोरेटजवळ किआंबा येथे आश्रयाला आलेल्या लोकांसह एक चर्च १ जानेवारीला पेटवून देण्यात आले. पुढील दोन महिन्यांत ११०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि लाखोंना घरदार सोडावे लागले. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारी २००८ रोजी सत्तावाटपाचा करार झाला, तेव्हा कोठे आग शमली.

थेट प्रक्षेपण बंद असताना लोकांकडे बातमीची साधने दोनच उरली होती : ब्लॉग आणि भ्रमणध्वनी. ओकोलोह यांच्या ब्लॉगवर आणि त्यांच्या टपालपेटीत इतकी माहिती येऊन पडू लागली की एकट्या व्यक्तीला ती तपासणे अशक्य झाले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी ब्लॉगवर एक कल्पना मांडली. कोठे काय घडते आहे हे नकाशावर दाखवता येईल का? कोणी तंत्रज्ञ हे करील का? एरिक हर्समन, जुलियाना रोटिच आणि अमेरिकेतील अलाबामा राज्यात राहणारा केनियन प्रोग्रामर डेव्हिड कोबिया यांनी ती उचलून धरली. अवघ्या काही दिवसांत संकेतस्थळ तयार झाले. त्यासाठी कोणतेही कार्यालय नव्हते, अनुदान नव्हते, आणि ही मंडळी एका देशातही नव्हती.

त्याची कार्यपद्धती साधी होती. कोणीही नागरिक लघुसंदेशाने किंवा महाजालावरील अर्जाद्वारे घटना कळवी : गाव, तारीख, काय घडले. स्वयंसेवक ती नोंद वाचत, शक्य तेथे स्थानिक संस्थांना किंवा ओळखीच्या माणसांना विचारून खातरजमा करत, आणि मग ती नकाशावर ठिपक्याच्या रूपाने दिसे. दंगल, जाळपोळ, लूट, मृत्यू यांबरोबर शांततेसाठी झालेल्या प्रयत्नांसाठीही वेगळा वर्ग ठेवलेला होता, ही गोष्ट सहसा विसरली जाते. केनियात सुमारे ४५ हजार लोकांनी या संकेतस्थळाचा उपयोग केल्याची नोंद उशाहिदीच्या संस्थापकांनी केली आहे. हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी पुढे वृत्तपत्रे, ब्लॉग आणि उशाहिदी यांची तुलना केली, तेव्हा मुख्य प्रवाहातील माध्यमांनी न टिपलेल्या अनेक घटना उशाहिदीवर नोंदल्या गेल्याचे आढळले. शहरापासून दूरच्या भागांबाबत हे विशेष खरे होते.

तथापि याच काळात, याच भ्रमणध्वनीवरून, द्वेषही तितक्याच वेगाने पसरत होता. विशिष्ट जमातींच्या लोकांना हाकलून द्या, अशा आशयाचे संदेश हजारो हातांतून फिरत होते. लघुसंदेश सेवाच बंद करावी असा विचार सरकारने केला. त्या वेळी सफारीकॉम या कंपनीचे प्रमुख असलेल्या मायकेल जोसेफ यांनी सेवा बंद करण्याऐवजी सर्व ग्राहकांना शांततेचे आवाहन करणारे संदेश पाठवण्याचा पर्याय मांडला, आणि तो स्वीकारला गेला. डेव्हिड कोबियाचा अनुभव याहून बोलका आहे. उशाहिदीची उभारणी करणारा हाच तरुण 'मशादा' नावाचे केनियन लोकांचे एक लोकप्रिय चर्चापीठ चालवत असे. जानेवारी २००८ मध्ये तेथील चर्चा इतकी विषारी झाली की नियंत्रण ठेवणे त्याला अशक्य झाले. त्याने चर्चापीठ बंद केले आणि त्याजागी 'माझी कोणतीच जमात नाही' अशा अर्थाच्या नावाचे दुसरे संकेतस्थळ सुरू केले. एकाच महिन्यात एकाच माणसाने एक साधन बांधले आणि दुसरे मोडले. तंत्रज्ञान आपोआप लोकशाहीकडे नेते असे मानणाऱ्यांनी या प्रसंगाकडे जरा निरखून पाहायला हवे.

ठिपक्यापुढे काय?

उशाहिदीची आज्ञावली मुक्त स्वरूपात सर्वांना उपलब्ध करून देण्यात आली. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला, तेव्हा अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या फ्लेचर स्कूलमधील विद्यार्थ्यांनी पॅट्रिक मायर यांच्या पुढाकाराने तिच्या आधारे हैतीचा नकाशा चालवला. ४६३६ या क्रमांकावर येणारे हजारो क्रिओल संदेश परदेशी राहणाऱ्या हैतीयन स्वयंसेवकांनी भाषांतरित केले. उशाहिदीचे नाव जगभर झाले ते या कामाने. त्याच वर्षी कोणालाही काही मिनिटांत स्वत:चा नकाशा सुरू करता यावा अशी सोयही करण्यात आली, आणि हजारो नकाशे निघाले.

त्यांपैकी बहुसंख्य नकाशांवर दहासुद्धा नोंदी झाल्या नाहीत. नकाशा काढणे सोपे झाले होते. तो कोणासाठी, नोंदी कोण पाठवणार, आणि त्या वाचून कोण काय करणार, हे प्रश्न तसेच राहिले. तंत्रज्ञानाचा वाटा एकूण कामाच्या जेमतेम एक-दशांश असतो, बाकीचे काम माणसे जोडण्याचे आहे, असे उशाहिदीचे कार्यकर्तेच नवागतांना बजावू लागले.

केनियात हा धडा लवकर गिरवला गेला. नव्या राज्यघटनेवरील ४ ऑगस्ट २०१० च्या सार्वमतासाठी 'उचागुझी', म्हणजे निवडणूक, या नावाचा प्रकल्प उभा राहिला. २००८ च्या नकाशाहून त्यात महत्त्वाचा फरक असा की आलेली नोंद नकाशावर टाकून काम संपत नसे. ती प्रत्यक्ष मतदान केंद्रांवर असलेल्या निरीक्षकांच्या जाळ्याकडे जाई. ते खरे-खोटे पाहत आणि गरज पडल्यास अधिकाऱ्यांना कळवत. सार्वमत शांततेत पार पडले. त्याचे श्रेय एका संकेतस्थळाला देणे हास्यास्पद ठरेल. तरीही साधन आणि संघटना यांची सांगड कशी घालावी याचा नमुना तेथे मिळाला. त्याच सार्वमताने आलेल्या राज्यघटनेच्या ३७ व्या कलमाने शांततेने, नि:शस्त्र जमण्याचा, निदर्शने करण्याचा आणि सरकारकडे निवेदने सादर करण्याचा हक्क नागरिकांना दिला. चौदा वर्षांनी ज्या पिढीने या कलमाचा आधार घेतला, ती तेव्हा शाळेत होती.

नकाशावर नसलेली वस्ती

नैरोबीच्या मध्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर, रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेली किबेरा ही झोपडपट्टी. ब्रिटिश सैन्यातील न्युबियन शिपायांना गेल्या शतकाच्या आरंभी येथे वसवण्यात आले. न्युबियन भाषेत 'किब्रा' म्हणजे रान. गंमत अशी की शंभर वर्षांनंतरही अधिकृत नकाशांवर तेथे रानच दिसत होते. लाखो माणसे राहत असलेली, परदेशी पाहुणे आणि मदतसंस्था यांची रीघ लागलेली ही वस्ती नकाशावर मात्र कोरी होती. तिच्या लोकसंख्येबाबतही तोच प्रकार. आफ्रिकेतील सर्वांत मोठी झोपडपट्टी, दहा लाख वस्ती, असे वर्षानुवर्षे छापले जाई. २००९ च्या जनगणनेत आकडा निघाला १,७०,०७०. तो सर्वांना मान्य झाला असे नाही. पण दहा लाख हा आकडा कोणी कधी मोजून काढला होता, याचेही उत्तर कोणाकडे नव्हते.

२००९ च्या अखेरीस एरिका हेगन आणि मिकेल मारोन या दोघांनी किबेराच्या निरनिराळ्या भागांतील १३ तरुण-तरुणींना हाताशी धरून 'मॅप किबेरा' हा उपक्रम सुरू केला. हातात जीपीएस यंत्र घेऊन ही मुले गल्ल्यागल्ल्यांतून फिरली. पाण्याचे नळ, शौचालये, दवाखाने, शाळा, चर्च, मशिदी, अंधाऱ्या वाटा, दुकाने अशी एकेक जागा त्यांनी नोंदवली आणि संगणकावर बसून 'ओपनस्ट्रीटमॅप' या सर्वांसाठी खुल्या जागतिक नकाशात भरली. काही आठवड्यांत कोऱ्या जागेवर दाट जाळे उमटले. पुढच्या वर्षी उशाहिदीच्या आज्ञावलीवर 'व्हॉइस ऑफ किबेरा' हे संकेतस्थळ सुरू झाले. लघुसंदेशाने आलेली स्थानिक बातमी त्यावर नकाशासह दिसू लागली. लहान कॅमेरे घेऊन वस्तीतील घडामोडी टिपणारे तरुणांचे एक वृत्तपथकही तयार झाले.

बाहेरच्या जगाने या प्रयोगाचे कौतुक केले. खरा प्रश्न वस्तीच्या आतला होता. आमचा नळ कोठे आहे हे आम्हांला ठाऊकच आहे, तो संगणकावर पाहून आम्हांला काय मिळणार, असे रहिवासी विचारत. त्यांचा प्रश्न रास्त होता. महाजालाची जोडणी असलेला संगणक किबेरात किती जणांकडे असणार? तेव्हा कार्यकर्त्यांनी उलट वाट धरली. संगणकावरचा नकाशा त्यांनी कागदावर छापला, त्यावर पारदर्शक कागद अंथरला आणि रंगीत पेन्सिली घेऊन लोकांना भोवती बसवले. मुली कोणत्या वाटेने जायला घाबरतात, कोणते शौचालय रात्री बंद असते, कोणत्या कोपऱ्यावर दिवा नाही, हे या बैठकांत बाहेर आले. आरोग्य, सुरक्षितता, शिक्षण, पाणी असे विषयवार नकाशे त्यातून तयार झाले. हेगन यांनी पुढे या कामाचा जो आढावा लिहिला, त्यात नकाशा तयार करणे आणि वस्तीने तो आपला मानून वापरणे यांतील अंतराची चर्चा मोकळेपणाने केलेली आहे. एवढा प्रामाणिकपणा अशा अहवालांत नेहमी आढळत नाही.

नकाशाचा एक उपयोग मात्र वादातीत आहे. जी वस्ती कागदावर नाही तिच्याबद्दल कोणीही काहीही बोलू शकतो. तेथे शाळा किती, यावर सरकारी अधिकारी, मदतसंस्था आणि पुढारी प्रत्येकी वेगळा आकडा सांगत असताना, वस्तीतल्याच मुलांनी पायी फिरून केलेली मोजणी समोर ठेवली की निदान वादाचा पाया एक होतो.

पैसा आणि हरांबे

चळवळीला माहितीइतकाच पैसा लागतो. मार्च २००७ मध्ये सफारीकॉमने 'एम-पेसा' ही भ्रमणध्वनीवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू केली. यातील 'पेसा' म्हणजे आपला पैसाच. हिंदी महासागरावरील व्यापाराने तो पूर्व आफ्रिकेत नेला. बँकेत खाते नसलेला मजूरही साध्या फोनवरून गावी रक्कम पाठवू लागला. काही वर्षांतच एम-पेसा हा केनियाच्या दैनंदिन व्यवहाराचा कणा बनला.

या सेवेची गाठ एका जुन्या चालीशी पडली. 'हरांबे', म्हणजे सर्वांनी मिळून ओढू या, ही स्वतंत्र केनियाची घोषणा. तिच्या नावाने शाळा बांधण्यासाठी, आजाऱ्याच्या उपचारासाठी, अंत्यविधीसाठी गावोगाव जाहीर वर्गणी जमवण्याची पद्धत आहे. (रेल्वे बांधणाऱ्या भारतीय मजुरांच्या 'हर अंबे' या घोषापासून हा शब्द आला, असे केनियातही सांगतात; ती दंतकथा म्हणूनच घेतलेली बरी.) पूर्वी हरांबेसाठी मंडप घालावा लागे, मोठा पाहुणा बोलवावा लागे, आणि तो पुढारी असला तर त्याची देणगी ही त्याची राजकीय गुंतवणूक ठरे. भ्रमणध्वनीवरील वर्गणीत हा पाहुणा गळून पडला. पन्नास-शंभर शिलिंग देणारे हजारो अनोळखी लोक एकत्र येऊ शकले. २०२४ मध्ये जखमींचे औषधपाणी आणि मृतांचे अंत्यविधी यांसाठी याच मार्गाने कोट्यवधी शिलिंग जमले, ते चाल आधीपासून अंगवळणी पडलेली असल्यामुळे.

जून २०२४

अध्यक्ष विल्यम रुटो यांच्या सरकारने २०२४ चे वित्त विधेयक मांडले. सुमारे ३४६ अब्ज शिलिंगांचा जादा महसूल उभा करणे हा त्याचा उद्देश. पावावर १६ टक्के मूल्यवर्धित कर, मोटारींवर किमतीच्या अडीच टक्के वार्षिक कर, आणि पर्यावरण करामुळे सॅनिटरी पॅड व लहान मुलांचे डायपर महागण्याची शक्यता, अशा तरतुदींनी लोक खवळले. कर खात्याला वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून सूट देण्याचे एक कलमही त्यात होते. रस्त्यावर त्याची चर्चा पावाइतकी झाली नाही, पण जाणकारांनी ते लगेच हेरले.

वित्त विधेयक हा प्रकार सर्वसामान्य नागरिक वाचत नाही. या वेळी तो वाचला गेला. तरुणांनी टिकटॉकवरील छोट्या चित्रफितींत एकेक कलम सोपे करून सांगितले. स्वाहिली, इंग्रजी, शहरी तरुणांची 'शेंग' बोली आणि निरनिराळ्या जमातींच्या भाषा, सर्वांत. आज्जीला समजेल अशा भाषेत कर समजावणे हा जणू एक खेळच झाला. विधेयकावर प्रश्न विचारल्यास उत्तर देणारे, कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित एक साधनही तयार करण्यात आले. 'एक्स'वरील ध्वनिसभांत हजारो लोक रात्र-रात्र बोलत आणि ऐकत बसत. जीवनजी उद्यानातील बाकांचीच ती विस्तारित आवृत्ती म्हणता येईल. संसद सदस्यांचे फोन क्रमांक प्रसृत झाले आणि त्यांच्यावर संदेशांचा इतका भडिमार झाला की फोन वापरणे कठीण झाल्याची तक्रार काहींनी केली. क्रमांक वाटणे कायद्यात बसते का, हा प्रश्न माहिती संरक्षण आयुक्तालयाने उपस्थित केला.

पहिली निदर्शने १८ जूनला झाली. त्याच दिवशी सरकारने पाव आणि मोटारींवरील कर मागे घेतले. निदर्शक मागे हटले नाहीत. २० जूनच्या निदर्शनांत २९ वर्षांचा एक तरुण गोळी लागून मरण पावला. २५ जूनला देशभर मोर्चे निघाले. रस्त्यावरील समन्वयासाठी 'झेलो' हे वॉकीटॉकीसारखे चालणारे ॲप मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. अश्रुधूर कोठे सोडला आहे, कोणता रस्ता मोकळा आहे, जखमींना कोठे न्यावे, हे त्यावरून कळे. वकिलांच्या संघटनेने अटक झालेल्यांसाठी वकील उभे केले, डॉक्टरांनी तात्पुरती उपचारकेंद्रे चालवली, आणि त्यांचे क्रमांक फोनवरून फोनवर फिरत राहिले. चळवळीला नेता नाही, जमात नाही, पक्ष नाही, हे तिचे घोषवाक्य. २००८ मध्ये एका हताश प्रोग्रामरने संकेतस्थळाला दिलेले नाव सोळा वर्षांनी हजारोंच्या तोंडी होते.

दुपारी संसदेने १९५ विरुद्ध १०६ मतांनी विधेयक मंजूर केले. त्यानंतर जमाव संसदेच्या आवारात घुसला, इमारतीच्या एका भागाला आग लागली आणि पोलिसांनी गोळीबार केला. दुसऱ्या दिवशी रुटो यांनी विधेयकावर स्वाक्षरी करण्यास नकार दिला. ११ जुलैला त्यांनी जवळजवळ संपूर्ण मंत्रिमंडळ बरखास्त केले. त्या वर्षीच्या निदर्शनांत ६० जणांचा मृत्यू झाल्याची नोंद केनियाच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने केली. अनेक तरुणांचे अपहरण झाल्याच्या तक्रारीही आयोगाकडे आल्या.

आठ दिवसांत विधेयक रोखणे हा विजय निर्विवाद मोठा होता. मात्र नेता नसण्याची जी युक्ती अटकेपासून बचाव करते, तीच वाटाघाटीच्या वेळी आडवी येते. ५ जुलैला रुटो स्वत: 'एक्स'वरील ध्वनिसभेत आले, तरुणांनी त्यांना तोंडावर जाब विचारला, लाखाहून अधिक लोकांनी ते ऐकले. पण चर्चेसाठी प्रतिनिधी पाठवा, असे सरकारने म्हटल्यावर कोणी कोणाला पाठवायचे हे ठरेना, आणि जो जाईल तो विकला गेला असे म्हटले जाण्याची भीती होती. मंत्रिमंडळात काही जुने चेहरे परतले, विरोधी गोटातील काही मंडळीही येऊन बसली, आणि मागे घेतलेल्या विधेयकातील काही कर डिसेंबर २०२४ मध्ये करकायद्यांच्या दुरुस्तीतून परत आले. गर्दी जमवण्याची यंत्रणा तयार होती. विधेयकामागून येणाऱ्या दुसऱ्या विधेयकावर महिनोन् महिने नजर ठेवणे हे वेगळे काम आहे. म्झालेंडोसारखे, कंटाळवाणे आणि न संपणारे.

मागे राहणारी पावले

लघुसंदेश पाठवणाऱ्याचा क्रमांक कोठेतरी नोंदला जातो. वर्गणी देणाऱ्याचाही. भ्रमणध्वनी कोणत्या मनोऱ्याच्या कक्षेत होता हेही. २००८ मध्ये या गोष्टीचा विचार फारसा झाला नव्हता. २०२४ नंतर तो टाळता येईना. अपहृत तरुणांचा माग दूरसंचार नोंदींवरून काढला गेल्याचा आरोप झाला. केनियातील एका वृत्तपत्राने त्यावर शोधवृत्त प्रसिद्ध केले, सफारीकॉमने आरोप फेटाळला. २५ जून २०२४ रोजी महाजालाचा वेग देशभर मंदावला, तेव्हा कंपन्यांनी समुद्राखालील तारांमधील बिघाडाकडे बोट दाखवले; निदर्शकांपैकी अनेकांना ते पटले नाही.

मे २०२५ च्या अखेरीस एका तरुण महिला प्रोग्रामरला अटक झाली. तिने केलेले काम एवढेच की २०२५ च्या वित्त विधेयकावर हरकत घेणारे पत्र नागरिकांना एका कळीसरशी संसदेकडे पाठवता येईल असे पान तयार केले. संसदीय समितीने हरकती मागवल्याच होत्या. राज्यघटनेनुसार त्या मागवणे बंधनकारक आहे. तिच्यावर २०१८ च्या संगणक गैरवापर व सायबर गुन्हे कायद्याखाली, संगणक यंत्रणेत हस्तक्षेप केल्याचा आरोप ठेवण्यात आला. आरोपपत्रात वर्णन केलेले कृत्य हा गुन्हाच होत नाही, असे सांगत न्यायालयाने २० जूनला खटला रद्द केला. वांगारी मथाई यांनी एकटीने डझनावारी पत्रे लिहिली होती, येथे हजारोंनी एकेक पत्र लिहायचे होते. कृतीचे स्वरूप तेच, वेग तेवढा निराळा.

नोंदींचा माग दुसऱ्या दिशेनेही काढता येतो. २५ जून २०२४ रोजी संसदेसमोर जमलेल्यांपैकी बहुतेकांच्या हातात फोन होते. एप्रिल २०२५ मध्ये बीबीसीने प्रसारित केलेल्या माहितीपटात, निदर्शकांनी आणि पत्रकारांनी टिपलेल्या पाच हजारांहून अधिक चित्रांचा क्षणाक्षणाने मेळ घालून, गोळी झाडणाऱ्या सुरक्षा कर्मचाऱ्यांची ओळख पटवण्याचा प्रयत्न करण्यात आला. नैरोबीत ठरलेला त्याचा जाहीर खेळ रद्द झाला.

या घटनेच्या वर्षदिनी, २५ जून २०२५ रोजी, लोक पुन्हा रस्त्यावर आले. केनियाच्या दळणवळण प्राधिकरणाने दूरचित्रवाणी आणि नभोवाणी वाहिन्यांना निदर्शनांचे थेट प्रक्षेपण थांबवण्याचा आदेश दिला, आणि काही वाहिन्यांचे प्रक्षेपण बंदही पाडण्यात आले. ३० डिसेंबर २००७ च्या आदेशाला तेव्हा कोणी रोखू शकले नव्हते. या वेळी उच्च न्यायालयाने त्याच दिवशी आदेशास स्थगिती दिली. त्या दिवशी किमान १६ जण मरण पावल्याचे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या केनिया शाखेने सांगितले. त्यांतील बहुतेकांना गोळ्या लागल्या होत्या.